दहा ग्रॅम काळा बोळ

आम्ही मारणाऱ्यांतले नव्हतो.
शेजारच्या आगाश्यांकडे वेताची छडी
कॅलेंडरच्याच खिळ्याला टांगलेली असे,
रविवारी तिला तेल पाजत.
आमच्याकडे पुस्तकं होती. हे म्हणाले,
मारायचं नाही,
सवयीची फक्त चव बदलायची.

म्हणून काळा बोळ आणला रविवार पेठेतून,
सहाणेवर उगाळला जायफळासारखा
आणि शाल्मलीच्या डाव्या अंगठ्याला लावला,
झोपताना, बालवाडीत जाताना,
पाहुणे यायच्या आधी तर दोनदा.
साडेतीन वर्षांची होती.

पहिल्या दिवशी ओकली.
मग फ्रॉकला पुसू लागली. घेराचे ते तपकिरी डाग
मी राग न करता धुतले, हे मुद्दाम सांगते.
नवव्या दिवशी माझ्यासमोर पाटावर बसली,
अंगठा तोंडात घातला
आणि पापणी न हलवता सगळं कडू चाटून संपवलं.
अंगठा स्वच्छ. माझ्याकडे बघत.

तेव्हा फूटपट्टी. दोनदाच.
तीनदा.

सवय सुटली. यांनी पुस्तक मिटलं, म्हणाले, बघ.
मीही ते सांगत हिंडले हळदीकुंकवाला,
लिंबाच्या लोणच्याची कृती सांगावी तसं.
पण तेव्हापासून
तिला काहीही द्यायला गेलं, खडीसाखर, तीर्थ,
लग्नाआधी चुड्याच्या मापाची बांगडी,
की तिचे हात आधी पाठीमागे जातात
आणि मग, काहीतरी आठवल्यासारखे, पुढे येतात.
मी समजत होते, संकोची आहे पोर.

परवा फोनवर सहज बोलली,
निहार अंगठा चोखतो गं,
डॉक्टर म्हणतात, सुटेल आपोआप.
बरं, म्हटलं मी. खरंच बरं म्हटलं.
तरी आज भाजी घ्यायला म्हणून निघालेले पाय
मंडई ओलांडून त्याच दुकानाशी थांबले.
गल्ल्यावर आता मुलगा बसतो. त्याला काही सांगावं लागलं नाही.
अंगठ्यासाठी ना, आजी?
दहा ग्रॅम. वर्तमानपत्राची पुडी.
सुटे नाहीत म्हणून बडीशेपही दिली.

स्वारगेटहून धायरीची बस. खिडकी मिळाली.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला काय वाटलं कोण जाणे,
पुडी सोडली, बोट ओलं केलं,
आणि जिभेला लावलं.

एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

कारलं नाही हे. कडुलिंबही नाही.
पाडव्याचं कडू निदान गुळाची वाट बघतं.
हे जिभेवर थांबत नाही,
मागे सरकत जातं, कानाच्या पाळीपर्यंत,
डोळ्यांतून पाणी काढतं आणि तरी उतरत नाही.
राजाराम पूल गेला. हिंगणे गेलं.
शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का?
आनंदनगरला बडीशेप खाल्ली, तीही कडू लागली.

वडगावला उतरले, पुडी गटारात टाकली.
सोसायटीच्या नळावर हात धुतले,
वर जाऊन बेसिनशी पुन्हा धुतले, साबणानं.
शाल्मली म्हणाली, एवढं काय लागलंय हाताला?
धूळ, म्हटलं, बसमध्ये फार धूळ.

निहार मांडीत येऊन बसला.
त्याचा अंगठा ओला, सुरकुतलेला, मऊ,
भिजवलेल्या बेदाण्यासारखा.
थोडा वेळ चोखला, मग कंटाळला बहुतेक,
आणि गंमत म्हणून माझं बोट धरून तोंडात घातलं.

मी ओढून घेतलंच होतं.
पण नखात राहिलं असावं.

त्याचं तोंड वाकडं झालं, जीभ बाहेर आली,
भुवया कपाळात.
तो चेहरा मी ओळखला.
शाल्मलीनं स्वतःचा तो चेहरा कधी पाहिलाच नव्हता,
तरी तिनंही ओळखला.

रडला नाही फारसा. पाणी प्यायला, खेळायला गेला.
ती काही बोलली नाही.
कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक करायला कुणी उठलं नाही.
छत्तीस वर्षांची माझी लेक
ओट्याला टेकून उभी होती,
आणि तिचे दोन्ही हात
पाठीमागे गेले होते.
मी वाट बघत राहिले, पुढे येतील म्हणून.